शेवटाला काय हुतं

“ह्यात शेवटाला काय हुतं?” त्या माणसानं शिवपुत्रपुढं पुस्तक ठेवून विचारलं.

खरं तर तो माणूस पायरीशी येऊन उभा राहिला तेव्हा शिवपुत्र दुकानात नव्हताच. तो पुण्यात होता. मोठ्या सभागृहात, खुर्च्यांच्या रांगांपुढं उभा राहून तो मनातल्या मनात बोलत होता, ‘अध्यक्षमहाराज आणि व्यवसायबंधूंनो, पुस्तक माणसाला घडवतं...’ ‘घडवतं’वर जरासं थांबायचं आणि मग समोरच्या रांगेकडं बघायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पुस्तक विक्रेत्यांची परिषद महिनाअखेर पुण्याला भरायची होती आणि बाहेरगावच्या विक्रेत्यांच्या वतीनं त्यानं बोलावं असं तिकडून कळवलं होतं. तेव्हापासून त्याची दुपार बदलून गेली होती. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उठली होती, नव्या पेठेतली गर्दी ओसरली होती. गिऱ्हाईक नसलं की तो कपाटांकडं तोंड करून उभा राही आणि पुस्तकांच्या पाठींना भाषण ऐकवी. कपाटं ऐकून घेत. महादेवप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, पाट्या, पेन्सिली आणि पंचांगं विकण्यासाठी काढलेल्या या दुकानात कथा-कादंबऱ्यांची कपाटं त्यानं आणली होती. ती आणतानाही कोणी त्याला काही विचारलं नव्हतं, आणि आता कुठं, पन्नाशी जवळ आल्यावर, पुण्याच्या लोकांना त्याचं म्हणणं ऐकायचं होतं.

माणूस अजून उभा होता. डोक्याला पटका, पण अंगात कारखान्यातला निळा शर्ट. भुवयांवर आणि मिशीवर सुताचा पांढरा धुरळा. त्यानं पुस्तक काउंटरवर ठेवलं होतं ते दोन्ही हातांनी, देवापुढं नारळ ठेवावा तसं. पहिल्या पानावर दुकानाचाच शिक्का होता.

“मी ज्ञानबा. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हाय. पोरगी केरा, म्याट्रिकला हाय. तिनं हितनंच न्हेलं म्हणती हे.” तो थांबला, मग सावकाश म्हणाला, “हे वाचल्यापास्नं लगनाला नगं म्हणती. मंगळवेढ्याचं स्थळ हाय, मानसं चांगली हायत. म्हणलं, मग काय करतीस? तर म्हणती शिकती. कुणी घातलं गं तुज्या डोक्यात? तर बोलंना. आमच्यात कुणाला वाचाय येत न्हाय. तवा म्हणलं दुकानदारालाच इचारावं. शेवटाला काय हुतं त्या पुस्तकातल्या पोरीचं?”

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला शिवपुत्रकडं उत्तरं होती. पण हा माणूस डॉक्टरला विचारावं तसं विचारत होता.

“उद्या या,” शिवपुत्र म्हणाला. “आत्ता जरा गिऱ्हाईक आहे.”

ज्ञानबानं दुकानभर एकदा नजर फिरवली. रिकामं स्टूल, रिकामा बाक. “बरं,” तो म्हणाला, आणि पुस्तक तिथंच ठेवून गेला.

केरा त्याला आठवत होती. दोन वेण्या, तेलानं चप्प बसवलेले केस, गाईड घ्यायला आलेली आणि गाईड घेतल्यावरही न हललेली मुलगी. तिची नजर कपाटावरून जशी फिरत होती ती त्याला ओळखीची वाटली होती, आणि भल्या मनानं त्यानं हे पुस्तक काढून दिलं होतं. “हे ने. तुझ्यासारख्या मुलींसाठीच आहे. एक तरुणी स्वतःच्या पायावर उभी राहते.” आता त्यानं पुस्तक उलटून मागची बाजू बघितली. ‘स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या एका तरुणीची हृद्य कहाणी.’ शब्द तिथलेच होते. पुस्तक त्यानं वाचलेलं नव्हतं. शेजारचं? तेही नाही. त्यानं सगळी फळी बघितली, मग वरची. हातात घेतल्यावर वजनावरून त्याला पानं सांगता येत, वास घेऊन छापखाना ओळखता येई, कोणतं शाळांना जातं आणि कोणतं लग्नात आहेर म्हणून जातं हे झोपेत विचारलं तरी तो सांगू शकला असता. पण आत काय आहे? लहानपणी याच काउंटरखाली बसून, वडिलांच्या पायांशी, हाती येईल ते वाचणारा मुलगा कधी उठून गेला होता, ते त्याला कळलंच नव्हतं. एखादं माणूस घरातून निघून जावं आणि त्याचं ताट मात्र रोज वाढलं जावं तसं काहीसं.

त्यानं दुकानाच्या दाराची एक फळी लावून घेतली आणि वाचायला बसला. सुरुवातीला जमेना. डोळे आपोआप किमतीकडं, प्रकाशकाच्या नावाकडं जात. प्रकाशक ओळखीचे होते. पुण्याचे, हसतमुख, सोलापूरला आले की आवर्जून दुकानात चहा घेणारे. परिषदेसाठी त्याचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. ‘शिवपुत्रराव, तुम्ही बोललंच पाहिजे,’ असं त्यांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं आणि तो हात त्याला पुढं कितीतरी दिवस खांद्यावर जाणवत होता. त्यानं पान उलटलं. मग आणखी एक. रस्त्यावरून टांगा गेला, शेजारच्या भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, आणि हळूहळू ते आवाज दूर गेले. पुस्तकातली मुलगी एका मास्तरांची लेक होती. लहान गाव, आई नाही, आणि मुलगी जिभेनं तिखट. बापाशी भांडायची, गावानं नावं ठेवली तरी सायकल शिकायची. शिवपुत्र एकदा मोठ्यानं हसला आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. केरा कुठं हसली असेल? इथंच. कारखान्याजवळच्या त्यांच्या खोलीत, यंत्रमागांच्या खडखडाटात, इथंच हसली असेल आणि बापानं विचारलं असेल, काय गं? त्या विचारानं त्याला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. आपण दिलेल्या वस्तूनं लांबच्या घरात काहीतरी चालू केलं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटाकडं आल्यावर तो सावरून बसला. शेवटी मास्तर आजारी पडले. मुलीनं कॉलेजचा अर्ज बाजूला ठेवला, बापाच्या उशाशी बसून डोळे पुसले आणि त्यांनी ठरवलेल्या स्थळाला मान तुकवली. मांडव पडला, मास्तर बरे झाले, सगळं नीट झालं. पुस्तक संपलं.

शिवपुत्रनं ते पान पुन्हा वाचलं. त्याला स्वतःचंच पुणं आठवलं. मॅट्रिक झाल्यावर तो पुण्याला गेला होता, कॉलेजात नाव घालायला. घरी कानडी बोलणारा मुलगा. तिथल्या खिडकीशी त्यानं ‘माझा नाव’ म्हटलं आणि मागच्या रांगेतली पोरं हसली होती. तरी तो टिकला असता. रात्री खोलीवर एकटा बसून तो ‘माझं नाव, माझं नाव’ असं घोकायचा. मग महादेवप्पांचा निरोप आला, कंबर धरलीय, दुकान बघायला कोणी नाही. तो परत आला. कंबर चार दिवसांत सुटली. पुण्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, त्यानंही नाही. दुकान वाढलं, लग्न झालं, मुली झाल्या, त्या नांदायला गेल्या. सगळं नीट झालं. इतकी वर्षं हे वाक्य त्यानं किती जणांना ऐकवलं होतं, आणि आज ते छापलेलं समोर आल्यावर ते इतकं पोकळ का वाजलं? परिषदेची वाट तो भाषणासाठी बघत होता की त्या शहरानं एकदा तरी आपल्याला आत घ्यावं म्हणून, हे त्याला सांगता येईना. दिवे लागायची वेळ झाली. गिरणीचा भोंगा झाला, सायकलींच्या घंटा वाजत रस्त्यानं गेल्या, आणि तो तसाच बसून राहिला.

घरी त्याची बायको महादेवी त्याच्या कोटाला ब्रश मारत होती. लग्नातला कोट, पुण्यासाठी ट्रंकेतून काढलेला. “याकरी?” तिनं त्याच्या तोंडाकडं बघून विचारलं. काय झालं म्हणून. तिच्याशी तो कानडीत बोले; कानडीत त्याला कधी अडखळायला होत नसे. त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, “त्याला खरा शेवट सांगितला तर तो घरी जाऊन म्हणेल, बघ, तुझ्या पुस्तकातसुद्धा पोरगी बापाचं ऐकते. झालंच मग तिचं लग्न. आणि खोटा सांगितला, की ती मुलगी शिकली, मोठी झाली, तर?”

“तर तुम्ही खोटं बोललात,” महादेवी म्हणाली.

“ते आहेच. पण तिचं भलं होईल.”

“तुम्हाला काय ठाऊक? पुस्तक देताना पण भलंच करत होता की.” तिनं कोट खुंटीला अडकवला, कॉलर सरळ केली. “जेवा आता. भाकरी गार होतीय.”

जेवताना त्याला भाकरीची चव लागली नाही. खोटा शेवट त्याच्या मनात आपोआप तयार होत होता, आणि तो किती सहज तयार होतोय याचंच त्याला नवल वाटत होतं. मुलगी तालुक्याला जाते, नर्स होते, नाही, मास्तरीण होते, बाप स्टँडवर घ्यायला येतो. त्याला वाचायला येत नाही. कोण बघणार आहे? पण केरानं वाचलं होतं. बाप घरी जाऊन तिला म्हणाला असता, दुकानदार असं असं सांगतो, आणि मग ती काय करणार होती? आपल्यासाठी कोणी खोटं बोललं हे कळल्यावर? तिथं येऊन त्याचा तो सुंदर शेवट कोसळला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानबा पाळी सुटल्यावर आला. आंघोळ करून आला होता. भुवया काळ्या होत्या, आणि त्यामुळं तो कालच्यापेक्षा तरुण वाटत होता. शिवपुत्रनं त्याला बाकावर बसवलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. आधी पुस्तकी बोलला, मग त्याची भाषा सैल झाली. ज्ञानबा मध्येमध्ये विचारी. “मास्तरला दुसरी बायकू न्हाय?” “सायकल कुनाची?” त्याची मेंढरं होती सांगोल्याकडं, दुष्काळात सगळी विकून तो इकडं आला होता, हे शिवपुत्रला मध्येच कळलं, कारण गोष्टीत एका मेंढपाळाचा उल्लेख आला आणि ज्ञानबा म्हणाला, “मेंढरं असली की हिंडतं मानूस. हितं यंत्रापशी हुबं ऱ्हायचं नुसतं.” मग पुन्हा, “हं, फुडं?” आणि शेवट आला. शिवपुत्रनं तो होता तसाच सांगितला. मास्तरांचं आजारपण, मुलीचं रडणं, मांडव, सगळं. सांगताना तो ज्ञानबाकडं बघत नव्हता. समोरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडं बघत होता. आपण एका मुलीचं दार लावून घेतोय आणि कडीचा आवाज आपल्याच कानात होतोय, असं त्याला वाटलं.

ज्ञानबानं पुस्तक उचलून ते उलटंसुलटं करून बघितलं.

“म्हंजी, ती पोरगी बापाचं ऐकती.”

“हो.”

“आन् हे केरानं वाचलंय. शेवटापतुर.”

“वाचलंच असणार.”

“तरीबी नगं म्हणती.” त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर काय होतं ते शिवपुत्रला पहिल्यांदा ओळखता आलं नाही. “मंग पुस्तकानं न्हाय बिघडवली तिला. पुस्तक तर माज्याच बाजूचं हाय की! पोरगी पुस्तकाचंबी ऐकत न्हाय म्हणा.” आणि तो हसला. दात दिसतील असा, भर दुकानात, एकटाच. “लई खोडील हाय. आयवर गेली.”

रात्रभर शिवपुत्रनं ज्या दोन वाटा मनात आखल्या होत्या त्यांतल्या एकीवरूनही हा माणूस चालला नव्हता. सरळ मधून, रानातून निघून गेला होता.

“तिलाच घेऊन या एकदा,” एवढंच तो म्हणाला.

रविवारी दोघं आली. केरा बापाच्या मागं उभी होती आणि आल्याबरोबर तिचे डोळे कपाटाकडं गेले. शिवपुत्रनं विचारलं, “तुला पुस्तक आवडलं नाही?”

“आवडलं,” ती शाळेतल्यासारखं नीट म्हणाली. “शेवट नाही आवडला.” मग शाळा सुटली. “ती तशी न्हवतीच. अख्ख्या पुस्तकात बापाला तोंडावर उत्तर देती, गावाला भीत न्हाय, आन् बाप खोकला की लगीच मुंडावळ्या? खोकला तर औशद आणावं की!”

ज्ञानबानं तोंड दाराकडं वळवलं. हसण्यानं त्याचे खांदे हलत होते.

“लिवणारा भ्याला,” केरा म्हणाली. “तिला नव्हती भीती. ह्यालाच वाटली.” आणि मग, एकदम, “तुमी वाचलं हुतं न्हवं? मला देताना?”

“नाही,” शिवपुत्र म्हणाला. “परवा वाचलं.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याला वाटलं, आता ही परत पायरी चढणार नाही. पण ती म्हणाली, “मग तुमाला कसा वाटला शेवट?”

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. गिऱ्हाईक विचारत, हे चांगलं आहे का, हे चालतंय का, मुलांना देण्यासारखं आहे का. तुम्हाला कसं वाटलं? त्यानं काउंटरच्या कडेवर हात ठेवला. लाकूड तिथं वडिलांच्या मनगटानं गुळगुळीत झालं होतं आणि मग त्याच्या.

“मला पटला नाही,” तो म्हणाला. “तुझ्याएवढा होतो तेव्हा पटला असता. पटवून घेतला असता.”

केराला ते नीट कळलं नसावं. ज्ञानबाला कळल्यासारखं वाटलं, कारण त्यानं खाली बघितलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, “मंगळवेढ्याला निरोप धाडलाय. परिक्षा हू द्या म्हणलं, मग फुडलं बगू. थांबले तर थांबले. न्हाय तर त्यांचं त्ये.” आणि मग, “हे पोरीचं म्हणणं लिवणाऱ्याला कोण सांगतं व्हय? का त्यास्नी ठावंच नसतंय?”

केरानं फळीवरची पुस्तकं एकेक काढली, पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, परत ठेवली. शिवपुत्रनं काही सुचवलं नाही. “आज काय नको,” ती शेवटी म्हणाली, आणि दोघं उन्हात निघून गेली. त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत तो दारात होता. मग आत येऊन त्यानं एक पुस्तक घेतलं, कुठलंही, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. त्या आठवड्यात कपाटांनी भाषण ऐकलं नाही.

पुण्याचं सभागृह त्यानं कल्पिलं होतं त्यापेक्षा लहान निघालं, आणि माणसं त्याच्यासारखीच होती. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येणारी, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, कागदाच्या भावानं आणि टपालखर्चानं वैतागलेली. प्रकाशक दारातच भेटले. खांद्यावर हात ठेवून त्यांनी ओळखी करून दिल्या, “हे आमचे सोलापूरचे शिवपुत्रराव,” आणि त्याला मनापासून आनंद झाला. तो लपवावा असं त्याला वाटलं नाही. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट समोर आल्यावर माणसाला आनंद होणारच. जेवणाच्या पंगतीत प्रकाशकांनी त्याच्या पानात जिलबी वाढायला लावली. पुढच्या वर्षी त्याला समितीवर घ्यायचा विचार आहे, असंही ते म्हणाले.

त्याचं नाव पुकारलं आणि तो व्यासपीठावर गेला. समोर पहिल्या रांगेत प्रकाशक, उत्सुक, जरासे पुढं झुकून. खिशात लिहिलेलं भाषण होतं. तो अध्यक्षांकडं बघून वाकला आणि म्हणाला, “मी एका मुलीला एक पुस्तक दिलं. तिच्यासाठीच आहे म्हणून दिलं. मी ते वाचलेलं नव्हतं.”

खुर्च्यांची कुरकुर थांबली. त्यानं ज्ञानबाचं सांगितलं, त्याचा प्रश्न सांगितला, आपण ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणालो ते सांगितलं. काही जण खाली बघायला लागले आणि त्याच्या ध्यानात आलं, की या खोलीत असं म्हणालेले पुष्कळ असणार. केराचं म्हणणं त्यानं तिच्याच शब्दांत सांगितलं, जसंच्या तसं, ‘लिवणारा भ्याला’सकट. “आपण इथं म्हणतो, पुस्तक माणसाला घडवतं,” तो म्हणाला. “मीही म्हणणार होतो. पण ही मुलगी पुस्तकाशी भांडली. शेवटापर्यंत वाचून भांडली. आपल्याकडं येणारा माणूस असा असू शकतो, हे मी विसरलो होतो. तिच्यासमोर उभं राहायचं तर मला वाचावं लागेल. दुसरं काही मला सांगायचं नाही.”

मागून कोणीतरी, खेड्याकडचा म्हातारा विक्रेता असावा, मोठ्यानं विचारलं, “पण पुस्तक कुठलं हो ते?”

पहिल्या रांगेत प्रकाशक हसत होते. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. शिवपुत्रला ते हसू दिसलं, खांद्यावरचा हात आठवला, समिती आठवली. माणूस वाईट नव्हता. नाव आठवत नाही म्हणून सुटता आलं असतं. सभागृहानं मानलंही असतं.

त्यानं नाव सांगितलं.

प्रकाशकांचा चेहरा उतरला. ते मागं टेकून बसले आणि हाताची घडी घालून छताकडं बघू लागले. अध्यक्षांनी घंटेवर बोट ठेवलं. पण शिवपुत्र खाली उतरला नाही. “त्या पुस्तकात मधे एक प्रकरण आहे,” तो म्हणाला. “ती मुलगी पहिल्यांदा एकटी एस.टी.नं तालुक्याला जाते. खिडकीशी बसते आणि उतरायचं ठिकाण आलं तरी उतरत नाही. ते फार चांगलं लिहिलंय. तेही तुम्हाला सांगायला पाहिजे.” आणि घंटा वाजत असताना तो ते सांगू लागला.